राखून ठेवलेला अध्याय

पिशोर, २८ जुलै
डब्यात: बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, उडदाचे दोन पापड

शालू,

आधी हे वाच, मग खाय.

मागच्या दोन डब्यांत मी चिठ्ठी घातली. तुझा डबा माघारी आला, त्यात साखर व्हती, कागद नव्हता. रिकामा डबा सासरी पाठवू नाय एवढं तुला कळतं, मग दोन ओळी लिहायला काय झालं? कंडक्टरला विचारलं, पोरगी बरी हाय ना रं? तो म्हणाला, मावशी, स्टँडवर डबा घ्यायला आली ती चांगली ठणठणीत व्हती. तुझे मामा, आमचे मालक, म्हणतात, फोन लाव. मला फोनवर काय कळतंय? कानात माशी शिरल्यावानी घूं घूं व्हतं. त्यांना विचारायला लावलं तर बोलून झाल्यावर 'बरी हाय' एवढंच सांगतात. तुझे मामा मेंढरांशी बोलतात तेवढं बी माझ्याशी बोलत नायत.

श्रावण लागला. पोथी पाटावर काढलीय. रोज दिवा लावते, बोट ठेवते आन वाचते. जोडाक्षर आलं की थांबते, त्याच्याकडं बघते, ते माझ्याकडं बघतं, मग पुढं. लोकांची पोथी सात दिवसांत व्हती, माझी महिनाभर पुरती. वाचून झालं की तशीच बसते. कुणी म्हणंल बाई रिकामी बसली. मी रिकामी नसते. वाट बघते.

शेवटचा अध्याय दरवर्षीसारखा राखून ठेवलाय. त्या पानांना लाल दोरा बांधलाय तो तूच बांधलेला, अजून तसाच हाय. माझा लेक रामहरी उंबरा चढंल त्या दिवशी सोडायचा. देवाला रोज सांगते, बघ बाबा, तुझी पोथी अपुरी हाय आन माझं घर बी अपुरं हाय.

लिही काय झालं ते.

तुझी सासू


मुकुंदवाडी, संभाजीनगर, ३१ जुलै
डब्यात: साखर, आणि तुमच्या गुडघ्याचं तेल

आत्या, पाया पडते.

कागद घातला नाही कारण लिहून लिहून फाडला. आज फाडणार नाही. कंपनीच्या बसमध्ये लिहितेय, अक्षर हलतंय, बोट ठेवून वाचा.

शेंद्र्याच्या कंपनीत मी गाड्यांच्या वायरी बांधते ते तुम्हाला माहीत आहे. तिथं स्टोअरला सांडू म्हणून एक जण आहे, भोकरदनकडचा. त्याच्या नावावर पोरी हसतात, तोही हसतो. त्याची बायको बाळंतपणात गेली. त्यानं मला लग्न करशील का असं विचारलं नाही. म्हणाला, दसऱ्यानंतर मला चाकणला पाठवतायत, तू असशील तर दोन खोल्या बघतो, नसशील तर एक. मी म्हणलं, माझ्या सासूला विचारावं लागेल. कुणी दुसरा असता तर हसला असता. हा म्हणाला, विचार की, मी थांबतो.

म्हणून विचारते.

मी एका वकीलबाईकडं जाऊन आले. ती म्हणाली, सात वर्षं ज्याची काहीच खबर नाही त्याच्याबद्दल कोर्टात सांगता येतं, मग बायको मोकळी होते. पण घरच्यांनी उभं राहून सांगावं लागतं. आईनं सांगितलं तर कोर्ट नीट ऐकतं.

आत्या, हे मेंढरं घेऊन जायकवाडीच्या पाण्याकडं गेले. मेंढरं माघारी आली. घोंगडी काठावर सापडली. हे नाही. तुम्ही म्हणालात पाण्यानं नेला असता तर पाण्यानं दिलाही असता, आणि मी ते मानलं. सात वर्षं मानलं. आता तुम्ही तो लाल दोरा सोडा. अध्याय वाचा आणि माझ्याबरोबर कोर्टात चला.

रागवा, पण लिहा.

शालू


पिशोर, ४ ऑगस्ट

डबा नाय.

सांडूला सांग, शालूचा नवरा हाय. दोन खोल्या बघायच्या तर खुशाल बघ म्हणावं, एकीत दुसरी आण.

माझ्या लेकाला कोर्टात नेऊन मारायचं, आन ते बी माझ्या तोंडानं? देवानं अजून नाय म्हणलेलं नाय. तो गप हाय. गप असला म्हणजे नाय म्हणला असं व्हत नसतं, एवढी वर्षं माझ्या पोथीजवळ बसलीस, तुला एवढं कळू नाय?

तुला जायचं तर जा. मला विचारून जाऊ नको.


मुकुंदवाडी, ९ ऑगस्ट

आत्या,

तुमची चिठ्ठी कंडक्टरनं हातात दिली तेव्हा म्हणाला, आज नुसतं पाकीट? भांडण झालं काय? मी म्हणलं, नाही, पीठ संपलं असेल.

मी तुमच्या आधी वाट बघायला लागले होते, हे विसरू नका. हे गेल्यावर पहिल्या हिवाळ्यात पोथी मी वाचायचे. तुम्ही समोर बसायच्या, हात जोडून, आणि तुम्हाला अर्धं ऐकूच यायचं नाही. शेवटी तुम्ही चिडून म्हणालात, देव काय म्हणतोय ते मला दुसऱ्याच्या तोंडून कळत नाय, मला वाचायला शिकव. चुलीच्या राखेत मी तुमचं बोट धरून क काढला. तुम्हाला देवाशी बोलायला मी शिकवलं, आणि आता तुम्ही मलाच सांगताय की मला कळत नाही.

मग सांगा, तो बोलणार कसा? एसटीनं चिठ्ठी पाठवणार?

काल शुक्रवार होता. खोलीच्या मालकीणबाईनं, केसरबाईनं, हळदीकुंकवाला बायका बोलावल्या. मीही गेले, नाही गेलं तर विचारतात. ती कुंकू लावत लावत माझ्यापर्यंत आली आणि बोट हवेतच थांबलं. मी सवाष्ण का काय, ते तिला कळेना. सगळ्या बघायला लागल्या. तिनं मला विचारलं, लावू का गं? मी म्हणलं, तुम्हाला काय वाटतं ते करा. तिनं हातात प्रसाद दिला आणि पुढं गेली.

तुमचा एक अध्याय राहिलाय. माझं सगळंच राहिलंय.

शालू

माझाच डबा पाठवतेय, झाकण घट्ट लावलंय. आत काही नाही. शोधू नका.


पिशोर, १४ ऑगस्ट

शालू शालू शालू

रामहरी आला.

घाईत लिहिते, तू समजून घे. भावकीतला एक जण पैठणला नाथांच्या दर्शनाला गेला व्हता, त्यानं येऊन सांगितलं की घाटावर एक माणूस बसलेला असतो, अंगावर घोंगडी, कुणाशी बोलत नाय, पाण्याकडं बघतो. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मी आन तुझे मामा गेलो. तो पायरीवर बसलेला. दाढी छातीपर्यंत. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यानं माझ्याकडं बघितलं आन म्हणाला, आई.

मला ऐकू आलं, शालू. माझ्या ह्या कानांना ऐकू आलं.

हात धरला, उठला, आला. एसटीत खिडकीशी बसला. एवढी वर्षं पाण्याच्या काठावर माझीच वाट बघत बसला व्हता. डोकं थोडं फिरलंय, बोलत नाय, पण खातो. अंघोळ घातली. नवा सदरा आणला, लांब बाह्यांचा, थंडी वाजती त्याला. आन ऐक, म्हातारी चांदी आठवती ना, त्याच्या हातची वाढलेली मेंढी? दारात आला तशी ती उठून त्याच्या हाताला तोंड लावायला गेली. जनावर विसरत नाय.

तू म्हणलीस तो कसा बोलणार. बघ, बोलला.

डबा पाठवत नाय. तू ये. तुझ्या सांडूला माझा राम राम सांग, आन ये.

तुझी सासू


मुकुंदवाडी, १५ ऑगस्ट

आत्या,

झेंड्याची सुट्टी आहे, दिवसभर ही चिठ्ठी हातात घेऊन बसलेय. आनंद झाला असं लिहायला बसले तर पेन चालत नाही, आणि झाला नाही असं लिहिलं तर मी कोण?

चांदी तर कंडक्टरच्या हातालाही तोंड लावते, हातात कणीस असलं की.

डाव्या पायाची करंगळी बघा. बैलगाडीचं चाक गेलं होतं, नख नव्हतं तिला, बोट आत वळलेलं होतं. मला अंधारातही कळायची ती. बघा आणि लिहा.

मामांना फोन लावला. ते मेंढरांमागं डोंगरात, तिसऱ्यांदा लागला. मी विचारलं, मामा, तेच आहेत का? वाऱ्याचा आवाज येत होता. मग म्हणाले, तुझी आत्या सात वर्षांनी पोटभर जेवली, शालू. आणि ठेवला.

सांडूला सांगितलं. त्यानं खाली बघितलं, हातातला खोका नीट रॅकवर ठेवला आणि म्हणाला, मग जा. एवढंच. मला त्याचा राग आला, भांडला असता तर बरं झालं असतं.

वकीलबाईला अजून सांगितलं नाही. सांगितलं की सगळं तिथंच थांबतं.

पोळ्याला येते. मला भीती वाटते आत्या. ते नसतील याची नाही. तुमच्याकडं बघून मीही हो म्हणेन, याची.

शालू


पिशोर, १८ ऑगस्ट
डब्यात: गव्हाची खीर, गार झाली तरी चांगली लागती

शालू,

करंगळी बघितली. नीट हाय. नख बी हाय. सात वर्षांत माणसाचं मन फिरतं, एक नख उगवलं तर काय झालं? पोथीत काय काय उगवतं ते तू वाचलंयस.

तो झोपेत बन्सी बन्सी म्हणतो. तुझे मामा सांगत व्हते, मला काय ऐकू येतंय. आपल्यात बन्सी कुणी नाय. मेंढरं राखताना जोडीला कुणी असंल.

तू ये. काही विचारू नको, नुसती बस. माणसं हळूहळू घरी येत्यात, अंग आधी येतं, बाकीचं मागून येतं. मी सात वर्षं धीर धरला, तुला दोन दिवस धरवंना?

काल पोथी वाचायला बसले तर तो शेजारी येऊन बसला. तेवढा वेळ हलला नाय. आता तूच सांग.


पिशोर, २३ ऑगस्ट
डब्यात: पोळ्याच्या पुरणपोळ्या, तू न खाताच गेलीस

शालू,

काल आलीस, बसलीस, त्याच्याकडं बघत राहिलीस. मी ताट वाढलं, तू त्याच्या भातावर तूप घातलंस. तुझ्या हातानं. मग माझ्या पाया पडलीस आन शेवटच्या गाडीनं गेलीस. बोलली काहीच नाय. मी समजले. तू ओळखलंस. बोलायला तोंड नाय उरलं तुला, सांडू सांडू करत व्हतीस ना. जाऊ दे, माझ्या मनात काही नाय.

गणपती बसले की दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, दोरा सोडायचा. गावाला सांगितलंय. भात आन आमटी, गोड बुंदी. तू त्याच्या शेजारी बसायचं. हिरव्या बांगड्या मी आणून ठेवते.

तुझ्या वकीलबाईला सांग, आता तिची गरज नाय.


पैठण, २४ ऑगस्ट, स्टँडच्या बाकावर

आत्या,

ही चिठ्ठी गुरुवारच्या आधी तुमच्या हातात पडली पाहिजे म्हणून इथूनच लिहितेय. उद्या सकाळी पिशोरच्या गाडीत देईन.

मी पोळ्याला बोलले नाही कारण तुम्ही त्याला घास भरवत होता आणि हसत होता. मी लग्न होऊन आल्यापासून तुम्हाला तसं हसताना बघितलं नव्हतं. मला ते मोडायचं धैर्य झालं नाही. पण मी ओळखलं. ते हे नाहीत.

तूप घालताना त्याची बाही वर सरकली. मनगटाच्या वर, आतल्या बाजूला, निळं गोंदलेलं आहे. जयभीम. मोठ्या अक्षरात, साधी अक्षरं, एकही जोडाक्षर नाही.

तुम्ही त्याला अंघोळ घातली. तुम्हाला वाचता येतं, आत्या. ऑगस्टमध्ये पिशोरला कुणाला थंडी वाजते?

आज सुट्टीला मी पैठणला आले. घाटावर फुलवालीला विचारलं. ती म्हणाली, त्याची आई रोज येते, तिकडं पिंपळाखाली बसते. गेले. कडूबाई नाव तिचं. जवळच्याच खेड्यातली. तुमच्याच वयाची, तुमच्यासारखीच काटकुळी. तिच्या मुलाचं नाव बन्सी. डोकं फिरल्यापासून पाण्याकडं येऊन बसायचा, ती संध्याकाळी येऊन घेऊन जायची. रोजचंच झालं होतं. एका दिवशी आली तर पायरी रिकामी.

आत्या, त्याला कुणी सोडून दिलेलं नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी ती त्याला न्यायला येणारच होती.

मी तिला सांगितलं तो कुठं आहे. तिनं पहिल्यांदा काय विचारलं माहीत आहे? जेवतो का तो? मी म्हणलं, तूप-भात. ती म्हणाली, तूप आवडतं त्याला.

मी म्हणलं, पोलिसांना घेऊन जाऊ, आत्ता आणू. ती नको म्हणाली. मागं एकदा पोलिसांनी ओढून आणला तर महिनाभर कोपऱ्यातून उठला नव्हता. ती म्हणाली, ज्या बाईनं त्याला जेवू घातलं तीच आणून देईल. तिच्याबरोबर तो येईल. मी थांबते. मग मी तिला विचारलं, तुम्ही देवाला काही बोललात का, नवस वगैरे? ती म्हणाली, आमच्यात नवस नसतो. सकाळी वंदना म्हणते आणि इथं येऊन बसते. एवढंच करता येतं.

ती अजून तिथं बसलीय. मला इथून ती दिसत नाही, पण बसलेली असणार.

शालू


पिशोर, २६ ऑगस्ट

चिठ्ठी मिळाली.

तुला तो नको, म्हणून तू पैठणला जाऊन दुसरी आई शोधून आणलीस. लई हुशार झालीस शहरात.

गुरुवारी अध्याय हाय.


मुकुंदवाडी, २७ ऑगस्ट

मी येणार नाही. त्या माणसाशेजारी बसून मी तो अध्याय ऐकणार नाही. तुम्हाला जे वाचायचं ते वाचा.


पिशोर, ३१ ऑगस्ट

शालू,

ही चिठ्ठी मोठी हाय. डबा बाजूला ठेव आन बसून वाच.

गुरुवारी सगळं गाव आलं. मांडव घातला, बुंदीचा वास सुटला. त्याला अंघोळ घातली, सदरा घातला, शेजारी पाटावर बसवला. तुझा पाट रिकामा व्हता. बायका कुजबुजत व्हत्या, मला ऐकू येत नाय ते एक बरं. मी पोथी उघडली. दोरा सोडला. सुटंना, सात वर्षांची गाठ, दातानं सोडला. पान उघडलं, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

मांडवात उकडत व्हतं. त्यानं बाह्या वर केल्या, आन हात पुढं घेऊन माझ्या पोथीच्या कडेला ठेवला. जसं लेकरू ठेवतं.

एका बाजूला पोथीची ओळ, एका बाजूला त्याचा हात. मला दोन्ही वाचता येतात, शालू. तूच शिकवलंस. राखेत शिकवलंस, पुसलं नाय ते.

मी पहिल्या दिवशीच वाचलं व्हतं. न्हाणीत पाणी घालताना. वाचलं आन डोळे मिटून पुन्हा साबण लावला, जसं काय निघणार व्हतं. मग बाजारातून लांब बाह्यांचा सदरा आणला. देवानं दिला असं सगळ्यांना सांगितलं. देवाचं नाव घेऊन मी दुसऱ्या बाईचा लेक उचलून आणला, आन देवाच्याच पोथीपुढं त्याला बसवला.

बोट त्याच ओळीवर राहिलं. लोकांना वाटलं बाईला भरून आलं. मी पोथी मिटली आन म्हणलं, हा माझा नाय. ह्याची आई पैठणला बसलीय.

मग तुझे मामा उठले. सगळ्या गावासमोर एवढं बोललेले मी पहिल्यांदा बघितले. म्हणाले, मला आधीपासून ठाऊक व्हतं, पण आमची ही जेवत व्हती म्हणून मी गप बसलो. आता पंगत बसवा, भाताला काय नातं कळतंय व्हय? लोक हसले. जेवले. बन्सी बी जेवला, बुंदी दोनदा घेतली.

शुक्रवारी आम्ही तिघं पैठणला गेलो. एसटीत तो खिडकीशी बसला. घाट दिसला तसा उठून उभा राहिला. पिंपळाखाली ती बसलेली व्हती. धावत आली नाय, ओरडली नाय. बसल्या जागी नुसता पदर सारखा केला. तो जाऊन तिच्या मांडीशी बसला आन म्हणाला, आई. मला म्हणलेला तसंच. एका अक्षराचा फरक नाय. शालू, तो घाटावर येणाऱ्या कुठल्या बी म्हातारीला आई म्हणतो, कडूबाईनंच सांगितलं. मग मला म्हणाली, पण गेला तो तुमच्याच बरोबर, एवढं खरं.

तिनं घरी नेलं. घरात नवरा अंथरुणावर. पिठलं केलं, भाकरी केली. मी जेवले. मला वाटलं शिव्या देईल. मी म्हणलं, बाई, मी तुझा लेक चोरला. ती भाकरी थापत म्हणाली, तुमचा कधी गेला? मी म्हणलं, सात वर्षं झाली. ती म्हणाली, मग बसा.

एवढंच. मग बसा.

आम्ही बसलो. ती बसते तशी बसलो. बन्सी भिंतीला टेकून. मी तिच्याकडं बघत व्हते. तो माझ्या घरात तूप-भात खात व्हता तेव्हा ही रोज रिकाम्या पायरीपाशी येऊन बसली. कुणाला बोल लावला नाय, कुणाशी सौदा केला नाय. आन मी काय करत व्हते? मी म्हणायचे वाट बघते. मी वाट बघत नव्हते शालू, मी देवाला अडवून धरलं व्हतं. शेवटचा अध्याय मुठीत धरून. दे, नायतर वाचत नाय. आन देवाबरोबर तुला बी त्याच दोऱ्यात बांधून ठेवलं. देव सुटंल का नाय मला ठाऊक नाय, पण तुझी गाठ मला दातानं का व्हईना, सोडवता येते.

काल संध्याकाळी घरी अध्याय वाचला. गाव नाय, मांडव नाय. मी, तुझे मामा, आन दारात चांदी. जोडाक्षरं लई व्हती, पण थांबत थांबत झाला. मला वाटत व्हतं शेवटच्या अध्यायात काय तरी मोठं असंल, सात वर्षं राखला म्हणून. सगळ्या अध्यायांसारखाच निघाला. वाचून झाल्यावर मला वाटलं आता काय करायचं? मग तशीच बसले. आन पहिल्यांदा, तुझ्या गळ्याची शपथ, बसून मी काहीच मागितलं नाय. तुझे मामा म्हणाले, झाली पोथी? मी म्हणलं, व्हय. आज पुन्हा पहिल्या अध्यायापासून सुरू केली. आता काही राखणार नाय. संपली की पुन्हा सुरू.

वाट बघणं सुटत नाय मला. माझ्या श्वासातच ते मिसळलंय. पण ते माझं हाय. तुझं नाय.

तुझ्या वकीलबाईला तारीख विचार. मी येते. मामा बी येतील, फोनपेक्षा ते कोर्टात जास्ती बोलतील असं दिसतंय. मला नीट ऐकू येत नाय, तर साहेबाला म्हणावं कागदावर लिहून विचारा, मला वाचता येतं. मी सांगीन की सात वर्षांत माझा रामहरी मला दिसला नाय, कुणालाच दिसला नाय, त्याची काही खबर नाय. हे खरं हाय, पोथीवर हात ठेवून सांगीन. मेला म्हणून मी सांगणार नाय. ते त्यांनी म्हणावं, त्यांचं काम हाय ते. तुझं काम माझ्या खऱ्यावर भागतंय का, एवढं विचारून ठेव.

डब्यात पुरणपोळ्या हायत, सांडूसाठी बी. त्याला म्हणावं, दोन खोल्या बघ. हिरव्या बांगड्या चिंधीत गुंडाळून तळाशी ठेवल्यात. गुरुवारसाठी आणलेल्या, तुझ्याच मापाच्या, दुसऱ्या कुणाला व्हायच्या नायत.

डबा रिकामा पाठवू नको.

आत्या